मान वहिनींची, पंगत भलत्यांचीच

अहो, ऐकलंत का? हो हो, तुम्हालाच म्हणतेय. या जरा कुंपणाजवळ. फार मोठ्यानं नको बोलायला, त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे. त्या कोपऱ्यावरच्या नागपूरच्या वहिनी नाहीत का, त्यांची मान! तुम्हाला माहीत असेलच म्हणा, अख्ख्या स्लॉ गावाला माहितीय. फार्नहॅम रोडच्या सिग्नलला उभ्या होत्या बिचाऱ्या. लाल दिवा, हँडब्रेक ओढलेला. आणि मागून तो एक पोरगा आला, फोनमध्ये डोकं घालून, आणि दिली की धडक! तसं फार काही नाही हो. बंपर चेपला, मागचा दिवा फुटला. दोघांनी उतरून फोटो काढले, नंबर घेतले. तो ‘सॉरी, सॉरी’ करत राहिला आणि या ‘इट्स ओके, इट्स ओके’. घरी आल्या, कुकर लावला, भाऊजींना रात्रीपर्यंत पत्तासुद्धा लागू दिला नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवरून मान उचलेना!

तर काय सांगत होते... हं, आमचं हळदीकुंकू. तुम्ही नव्हतात ना, तुमच्या धाकट्याला ताप होता. अहो, काय चुकवलंत म्हणून सांगू! वहिनी आल्या त्या पैठणी, नथ, आणि गळ्यात हा एवढा पांढरा पट्टा. कॉलर हो, मानेचा. कुंकू लावायला मान वाकवता येईना, तर मीच टाचा उंच करून लावलं. आणि मग काय, तिळगूळ राहिला बाजूला, उखाणे राहिले बाजूला...

सव्वीस नंबरच्या ठाण्याच्या ताई. त्यांनी वाणाचा डबा उलटसुलट करून पाहिला, प्लास्टिकचा आहे म्हणून जरासं नाक मुरडलं, ते मी पाहिलं बरं का, आणि थेट विचारलं, “मग? क्लेम केलात? किती मिळणार?” कसं वाटतंय, झोप लागते का, काही म्हणून नाही! वहिनी म्हणाल्या, “अहो, क्लेम कसला, आपण काय भीक मागायला आलोय या देशात?” त्यावर ताई, “भीक कशाला, हक्काचा पैसा आहे. माझ्या नणंदेला लेस्टरला तीन हजार पौंड मिळाले होते. दोन आठवडे मान धरली होती नुसती. त्यातूनच तर तिनं ते किचन केलं.”

ते किचन! तुम्हाला आठवतंय ना, ज्याचे फोटो आपल्याला सहा महिने बघावे लागले? तेव्हा सांगत होत्या, तिच्या नवऱ्याला बोनस मिळाला म्हणून! माझी आणि कोल्हापूरच्या मावशींची नजरानजर झाली. मावशींनी पदर तोंडाला लावला. ताईंच्या लक्षात आलं, काय बोलून बसल्या ते, आणि जे तोंड उतरलंय म्हणता...

बरं, मग वहिनीही हळूहळू बोलत्या झाल्या. म्हणाल्या, अपघाताला आठवडा झाला नसेल, फोन आला. पुरुषाचा आवाज, अगदी साखरेत घोळलेला. “मॅडम, तुमचा अपघात झालाय अशी आमच्याकडे नोंद आहे, आणि चूक तुमची नव्हती.” यांना वाटलं, इन्शुरन्सवाला असेल. तो पुढे विचारतो, “गाडीत आणखी कोण होतं?” म्हणाल्या, “कोणी नाही, मुलगी शाळेत होती.” तर तो काय म्हणावा? “पण ती गाडीत असू शकली असती, नाही का?” ऐका आता! आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, त्यातली गत.

सगळ्याजणी ‘अगंबाई’ करतायत, एवढ्यात इतका वेळ गप्प बसून चिवडा निवडत बसलेली मावशींची सून बोलली. ती एका इन्शुरन्स कंपनीत आहे, क्लेम्समध्येच. तसं तिचं तोंड कधी उघडत नाही, सासूपुढे तर नाहीच. पण त्या दिवशी! म्हणाली, “काकू, तुमची परवानगी नसताना असा फोन करणं 2018च्या सप्टेंबरपासून बेकायदा आहे. क्लेमवाल्या कंपन्यांवर 2019पासून एफसीएची, म्हणजे वित्तीय नियामकाची, नजर आहे. तरी फोन येतात. नंबर टिपायचा आणि ठेवून द्यायचा. आणि तो जे म्हणाला ना, मुलगी गाडीत होती म्हणा, त्याला आमच्याकडे घोस्ट पॅसेंजर म्हणतात. 2015चा कायदा आहे, एवढी एक थाप सापडली तर मुलीचं सोडाच, तुमच्या खऱ्या मानेचासुद्धा अख्खा दावा कोर्ट फेकून देऊ शकतं. वर खटला, प्रसंगी तुरुंग.”

तुरुंग म्हटल्यावर भाऊजींचा चेहरा बघायला हवा होता. हो, आले होते ना, मानेमुळे वहिनींना गाडी चालवता येत नाही म्हणून सोडायला आले आणि चहाला थांबले. मला तर वाटलं, यांच्या मनात ती ‘असू शकली असती’ वाली गोष्ट घोळून गेली होती थोडीशी. मी काही म्हणत नाही हं. पण कप बशीवर ठेवताना खळकन आवाज झाला एवढं खरं.

मावशींनी विचारलं, “पण त्यांना नंबर मिळतो कुठून गं?” सून म्हणाली, “आता चोरूनमारून. पूर्वी उघड बाजार होता. गाडी ओढणारा विकायचा, गॅरेजवाला विकायचा, आणि आई, खरं सांगू का, इन्शुरन्स कंपन्याही विकायच्या. आपल्याच गिऱ्हाइकाचं नाव वकिलांना, दर नावामागे पैसे घेऊन.” आम्ही चाटच पडलो! दिवसा ओरडायचं, खोट्या मानांनी आमचं दिवाळं काढलं म्हणून, आणि रात्री त्याच माना विकायच्या. ते जॅक स्ट्रॉ नाहीत का, होम सेक्रेटरी होते, मग फॉरेन सेक्रेटरी, ब्लॅकबर्नचे खासदार... त्यांनी 2011 साली हे सगळं चव्हाट्यावर आणलं. मग कायदा झाला आणि 1 एप्रिल 2013पासून नावांची ही दलाली बंद. रेफरल फी म्हणायचे तिला. फी! नाव सोनुबाई.

आणि दुसरं एक ऐका. मान दुखतेय असं कोणी म्हटलं की कंपन्या डॉक्टरचा कागद न बघताच रक्कम पुढे करायच्या. भांडत बसण्यापेक्षा देऊन मोकळं होणं स्वस्त पडायचं म्हणे. मग लोक सोकावणार नाहीत तर काय? वर्षाला पाच लाखांच्या वर माना दुखायला लागल्या या देशात! रस्ते सुधारले, गाड्या सुधारल्या, आणि दुखणी वाढली. लोक म्हणायचे, इंग्लंड म्हणजे व्हिपलॅशची, या मानेच्या दुखण्याची राजधानी. हे सगळं इंग्लंड-वेल्सचं सांगतेय हं, स्कॉटलंडचा कायदा निराळा.

तर काय सांगत होते... हां, किती मिळणार! ठाण्याच्या ताईंनी तो धागा काही सोडला नव्हता. म्हणाल्या, “ते सगळं ठीक, पण वहिनींना हजार-दोन हजार तर कुठे गेले नाहीत.” सून हसली. हसली म्हणजे कशी, गालातल्या गालात. म्हणाली, “काकू, 31 मे 2021पासून तक्ता आलाय. मान किती महिने दुखली त्यावर ठरलेली रक्कम. तीन महिन्यांच्या आत बरी झाली तर...” आणि थांबली. सगळ्यांचे कान टवकारलेले. “दोनशे चाळीस पौंड.”

दोनशे चाळीस! ताईंच्या हातातला तिळाचा लाडू तसाच राहिला. “महिन्याला?” म्हणाल्या. “नाही हो काकू, एकूण.” अहो, मला हसू आवरेना, मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले. आतून ऐकत होतेच म्हणा. तीन ते सहा महिने दुखली तर 495. नऊ ते बारा महिने दुखली तर 1,320. आणि पार दोन वर्षं दुखली तर 4,215. आता 31 मे 2025पासूनच्या अपघातांना यात साधारण 15 टक्क्यांची भर घातलीय सरकारनं, म्हणजे आपल्या वहिनींना तेवढं जास्त. पण त्या लेस्टरच्या किचनमधला एक ओटासुद्धा व्हायचा नाही त्यात!

आणि सर्वांत कमाल सांगू? अपघातानं मनावर परिणाम झाला असेल, झोप उडाली, गाडीत बसायची धास्ती बसली, तर त्याचेही पैसे आहेत. त्या तीन महिन्यांच्या ओळीत 2021च्या तक्त्यात दोनशे चाळीसच्या जागी दोनशे साठ. म्हणजे धास्तीची किंमत वीस पौंड! रात्री दचकून उठतात हो वहिनी, भाऊजीच सांगत होते. वीस पौंड. आणि ज्या डॉक्टरनं तपासून रिपोर्ट द्यायचा, त्याची फी माहितीय? 180, वर व्हॅट. म्हणजे 216. त्या तक्त्यात जिची मान दुखली तिला दोनशे चाळीस आणि मान दुखली असं लिहून देणाऱ्याला दोनशे सोळा! तो डॉक्टरही आपण हवा तो निवडायचा नाही. मेडको म्हणून एक व्यवस्था आहे, 2015पासून, ती चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं काढते, वकिलाचं आणि डॉक्टरचं साटंलोटं असू नये म्हणून.

वहिनींनी तेवढ्यात पदराआडून गुडघा दाखवला. म्हणाल्या, “हाही आपटलाय, डॅशबोर्डखाली.” सून लगेच म्हणाली, “मग ते वेगळं, काकू. तक्ता फक्त मान, पाठ, खांद्याच्या त्या दुखण्याला. गुडघ्याचं जुन्या पद्धतीनं, वेगळं मोजतात.” हे दोन्ही एकत्र कसं मोजायचं यावरून म्हणे इतकी भांडणं झाली की प्रकरण पार सुप्रीम कोर्टात गेलं. 2024च्या मार्चमध्ये निकाल लागला, दोन्ही धरायचे, मग दोनदा मोजलं जातंय का तेवढं बघून थोडं कमी करायचं. मान तक्त्यात आणि गुडघा तक्त्याबाहेर. बाई एकच!

मला विचाराल तर हे सगळं लग्नाच्या जेवणावळीसारखं झालंय. मान एकीची, पण तिच्यावर जेवायला बसलेली पंगत केवढी! नंबर विकणारा, फोन करणारा, वकील, डॉक्टर, भाड्यानं गाडी देणारा, गॅरेजवाला. आणि नवरीच्या पानात काय? लोणचं.

आता यातली काही पानं चोरांचीही असतात बरं का. आमच्या ह्यांना असल्या बातम्यांचा फार नाद. दारात उभे राहून म्हणाले, “तुम्ही त्या वेल्सच्या गॅरेजवाल्यांचं ऐकलंय का?” कोण नाही ऐकलं म्हणा, पण ह्यांना सांगू दिलं. तिकडे ग्वेंटमध्ये एका गॅरेजवाल्या कुटुंबानं धंदाच काढला होता. न झालेले अपघात, न बसलेले प्रवासी, न दुखलेल्या माना. नातेवाईक, ओळखीचे, सगळे सामील. शेवटी ऐंशीच्या वर माणसं दोषी ठरली. आणि सापडले कसे? त्यांच्याच गॅरेजच्या सीसीटीव्हीत! चांगली धडधाकट लँड रोव्हर फोर्कलिफ्टनं ठोकताना दिसले. स्वतःच लावलेला कॅमेरा हो! चोरांच्या पायांना उपजतच कंप असतो म्हणतात, यांच्या तर डोक्यालाच होता.

आम्ही हसत होतो. सून मात्र हसली नाही. म्हणाली, “सगळीकडे असं विनोदी नसतं.” काही टोळ्या मुद्दाम पुढे येऊन कचकन ब्रेक मारतात, मागचा येऊन आदळावा म्हणून. कधी ब्रेकचे दिवेसुद्धा काढून ठेवलेले असतात. कधी चौकात दिवा मिचकावून ‘या या, तुम्ही आधी’ म्हणतात आणि आपण निघालो की येऊन ठोकतात. हल्ली मोपेडवाले आहेत. ते मुद्दाम बाया-माणसं, म्हातारी माणसं, गाडीत मुलं असलेली हेरतात, कारण ती घाबरून भांडत नाहीत. आणि 2011 साली इथं बकिंगहॅमशायरमध्ये, आपण ज्या ए-फोर्टीनं जातो ना, त्याच रस्त्यावर अशाच एका बनावट अपघाताच्या खेळात एक बाई हकनाक गेली. चौतिशीची, आपल्यातलीच, पंजाबी. तिचा त्या खेळाशी काही संबंध नव्हता. दुसऱ्याच्या पैशांच्या हव्यासापायी जीव गेला. करणारे तुरुंगात गेले, पण ती गेली ती गेलीच. ठाण्याच्या ताईसुद्धा काही बोलल्या नाहीत हो त्यावर. मनातून किचन आठवलं असेल.

पण आमचे हे कसले गप्प बसतात! यांनी कुठेतरी वाचलेलं. म्हणाले, “लिथुआनियाचं माहितीय का?” मी डोळे वटारले, पण नाही. नॉर्वेचे एक मेंदूतज्ज्ञ तिकडे गेले. तिथे तेव्हा नुकसानभरपाई मागायची पद्धतच नव्हती, असला विमा फारसा कोणाकडे नव्हता. ज्यांना मागून गाडी ठोकली होती अशी 202 माणसं धरली, एक ते तीन वर्षांपूर्वी अपघात झालेली, आणि शेजारी तेवढीच, अपघात न झालेली. कारण न सांगता विचारलं, मान दुखते का, डोकं दुखतं का. तर दोन्हीकडे सारखंच! ठोकलेल्यांची मान जास्त दुखत नव्हती. 1996ला ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आणि कॅनडातल्या सस्कॅचेवन प्रांतात तर 1995ला दुखण्याबद्दलचे पैसे द्यायचेच बंद केले, आणि दावे 28 टक्क्यांनी घसरले. दावे निकालात निघायला चारशेच्या वर दिवस लागायचे, ते दोनशेच्या आसपास आले. “पैसे थांबले आणि माना बऱ्या झाल्या!” असं म्हणून हे एवढ्या मोठ्यानं हसले...

आणि वहिनींचे डोळे भरून आले हो. म्हणाल्या, “म्हणजे माझी मान खोटी?”

बाई गं! ह्यांचं हसू जागच्या जागी विरलं. कोणाला काही सुचेना. भाऊजी उठून उभे राहिले, परत बसले. मी मनात म्हटलं, आता रात्री यांना भाजी मिळाली तर शपथ.

सुनेनंच सावरलं. जवळ जाऊन बसली, हात धरला. म्हणाली, “अजिबात नाही, काकू. तो लिथुआनियाचा अभ्यास सगळ्यांनी मान्य केलेला नाही. त्यात बहुतेक पुरुष होते, आणि गाडी ठोकलेला प्रत्येकजण मोजला होता, त्याला लागलं होतं की नाही हे न बघता. मान अचानक झटका खाते तेव्हा आतले स्नायू, लिगामेंट ताणले जातात. एक्स-रेत ते दिसत नाही म्हणून खोटं ठरत नाही. आणि दुखणं दुसऱ्या दिवशी वर येतं ते तर अगदी नेहमीचं. बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत जातं, थोड्याजणांना मात्र खरंच रेंगाळतं. पण काकू, हा कॉलर कोणी दिला? डॉक्टरांनी?”

वहिनी गप्प. मग नजर हळूच ठाण्याच्या ताईंकडे. सगळ्यांच्या नजरा ठाण्याच्या ताईंकडे. ताई म्हणाल्या, “म्हणजे... मी ऑनलाइन मागवून दिला. म्हटलं, क्लेमला बरा दिसेल...”

बरा दिसेल! आणि त्या बिचारीनं पंधरा दिवस झोपतानासुद्धा काढला नाही, औषध समजून. सून म्हणाली, हल्ली डॉक्टर कॉलर घालू नका म्हणूनच सांगतात. एनएचएसचंही तेच. मान जखडून ठेवली तर आखडते, उलट हळूहळू हलवत राहायचं, दुखलं तर पॅरासिटामोल, शेक, नेहमीची कामं चालू. आणि गाडीतली ती डोक्यामागची उशी, हेडरेस्ट, ती नीट वर सरकवून डोक्याच्या मागे येईल अशी लावायची. आपण कधी लावतो का? दुकानातून आली तशी. मी त्याच संध्याकाळी ह्यांना गाडीत पाठवलं ती वर करायला. शिक्षा म्हणा हवं तर.

वहिनींनी तिथेच तो पट्टा काढला. वेल्क्रोचा कर्रकन आवाज झाला. ताईंच्या हातात दिला, “ठेवा, तुमच्या नणंदेला होईल” म्हणून. नागपूरचं पाणी शेवटी! ताईंचा चेहरा त्या दिवशी तिसऱ्यांदा पडला. मी मोजत होते.

मग मावशी म्हणाल्या, “आपल्याकडचं बरं बाई. रस्त्यातच मांडवली. दोघं उतरायचे, चार शिव्या, पाचशे रुपये, चाललं.” सून म्हणाली, “आई, तेही पूर्ण खरं नाही.” सासूला ‘खरं नाही’ म्हणाली, सर्वांसमोर! पण होतं तिचं बरोबर. आपल्याकडेही मोटार अपघात दाव्यांचं न्यायाधिकरण आहे की प्रत्येक जिल्ह्यात. माणूस दगावला किंवा हातपाय गेला तर वय, कमाई, गुणक असं मोजून रक्कम ठरते. पण नुसती मान लचकली म्हणून तिथे कोण जातो? ओव्याचं तेल चोळतो आणि कामाला लागतो. आणि जायचंच असेल तर एप्रिल 2022पासून कायद्यानं सहा महिन्यांच्या आत. इथे तीन वर्षं मुदत! आणि खोटेपणात आपणही मागे नाही हं. उत्तर प्रदेशात खोट्या अपघात-दाव्यांचा इतका सुळसुळाट झाला की हायकोर्टानं 2015ला खास तपास पथक नेमायला लावलं. वकीलच गुंतलेले म्हणे. 2021ला सुप्रीम कोर्टानं तिथल्या बार कौन्सिलला चांगलंच झापलं, तुमच्या वकिलांवर कारवाई का करत नाही म्हणून. म्हणजे माणूस इथूनतिथून सारखाच. पंगत वाढली की वाढपी आपोआप जमतात.

बरं, या तक्त्याचा आपल्याला फायदा काय झाला? सरकार म्हणत होतं, खोटे दावे थांबले की गाडीचा इन्शुरन्स वर्षाला पस्तीस पौंडांनी उतरेल. उतरला का तुमचा? आमचा तर नाही. 2023च्या शेवटी या देशातला सरासरी हप्ता 627 पौंडांवर गेला होता. कंपन्या म्हणतात, गाड्यांची दुरुस्ती महागली, रंग महागला, सुटे भाग महागले. असेलही. आमच्या सूनबाई... म्हणजे मावशींच्या, पण आता मी आपलीच म्हणते तिला, ती म्हणाली, दावे कमी झालेच नसते तर याहून जास्त भरावा लागला असता. कंपनीतलीच ना शेवटी, बोलणारच. पण चोरांनी लुबाडलं आणि शिक्षा वहिनींना, हे काही मला पटत नाही. खोटं बोलणाऱ्याला शोधायचं सोडून खऱ्याचीच रक्कम कापली. हा कुठला न्याय?

तर आता ताजी बातमी, त्यासाठीच तर हाक मारली मघाशी. काल वहिनींनी दावा टाकला! वकील नाही, कोणी नाही, स्वतःच बसून. ऑफिशियल इन्ज्युरी क्लेम म्हणून सरकारी पोर्टल आहे, फुकट आहे, याच कामासाठी काढलंय. तरी दहातले नऊजण कोणा ना कोणा वकिलामार्फतच येतात म्हणे, आणि असल्या छोट्या दाव्यात त्याची फी समोरच्याकडून मिळत नाही, आपल्याच रकमेतून जाते. वहिनींनी फक्त स्वतःचं नाव टाकलं. मुलगी शाळेत होती, असंच लिहिलं. गुडघा वेगळा लिहिला. त्या पोराचा नंबर, सिग्नलचे फोटो जोडले. भाऊजी मागे उभे राहून स्पेलिंग सांगत होते, तेही एकदा चुकलं म्हणे.

मी विचारलं, “वहिनी, एवढ्याशा पैशांसाठी इतका खटाटोप?” तर म्हणाल्या, “पैशांसाठी नाही हो. तो पोरगा फोन बघत गाडी चालवतो, हे कुठेतरी लिहिलं गेलं पाहिजे.” मला पटलं बाई.

तेव्हा तुम्हालाही सांगून ठेवते, देव न करो, पण असं काही झालं तर लगेच फोटो काढा, समोरच्याचं नाव-नंबर-विमा घ्या, साक्षीदार असेल तर त्याचा नंबर घ्या, डॅशकॅम बसवला नसेल तर बसवून टाका. दुखलं तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, त्याची नोंद होऊ द्या. गोड बोलणाऱ्या फोनवाल्याला एक अक्षर सांगू नका. खरं दुखत असेल तर मागायला लाजू नका, आणि दुखत नसेल तर ठाण्याच्या ताईंना विचारायला जाऊ नका!

चला, आत जाते, दूध उतू जाईल. आणि हे बघा, मी सांगितलं म्हणून कोणाला सांगू नका हं.